कपाटाची चावी

ती पॉइंट टू-टू रायफल घेण्यासारखी आहे का, हे मला विचारू नकोस! सहा महिने दर शनिवारी मी इथे इंग्लंडात, वॉटफर्डच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन ती नुसती हाताळत होतो. एक खटका दाबला की तिचे दोन भाग होतात आणि साध्या बॅगेत मावतात. पण किंमत आठवली की मी ती परत ठेवायचो. घरी चहा पितानाही बोटं तो खटका शोधायची.

शेवटी वैतागून बंदूक बाळगायच्या सर्टिफिकेटचा अर्ज केला, ती ठेवायला लोखंडी कपाट भिंतीला ठोकून घेतलं. पोलिसांचा माणूस तपासायला आला.

"याची चावी कोणाकडे असणार?"

मी सहज बोलून गेलो, "बायकोकडे. आमच्या घरात सगळ्या कपाटांच्या चाव्या तिच्याकडेच असतात."

त्याने पेन खाली ठेवलं. "सर्टिफिकेट ज्याच्या नावावर, चावी फक्त त्याच्याकडे."

मी शोभापुढे हात पसरला. तिने कमरेचा जुडगा घट्ट धरला.

"अहो, लग्नाला अठरा वर्षं झाली, कधी चावी दिलीय तुम्हाला? त्यांना म्हणावं, फॉर्म माझ्या नावाचा द्या."

आणि दिला की त्याने! शोभा क्लबात जाऊन नेम धरायला शिकली. सर्टिफिकेट आलं त्याच शनिवारी तिने ती रायफल घेतली, किंमत न विचारता.

तेव्हा घेण्यासारखी आहे का, ते तिला विचार. मला रिकामी बॅग उचलायला मिळते, तीसुद्धा विचारून.