मिटलेलं झाकण

संगणकाच्या दुकानात रांग काही हलत नव्हती. शिंपिणीच्या पुढे टोपी घातलेला नवरा आणि त्याची बायको उभे होते. वेळ जाईना, म्हणून शिंपिणीने कान तिकडेच लावले.

“लॅपटॉप मिटून फळीवर ठेवायचा आणि पुढ्यात संगणकाचा दाराएवढा पडदा मांडून बसायचं. काय ती हौस!”

“मानेला बरं पडतं गं.”

“मानेला! कॅमेरा त्या झाकणात आहे ना? लेक तिकडून व्हिडिओ कॉलवर ‘बाबा, दिसत नाही’ म्हणते आणि तुम्ही घुमताय, रांजणातल्या बेडकासारखे.”

“औषधांनी डोक्यावर केस ठेवला नाही, भुवया गेल्या. मला असं बघितलं तर शिक्षण टाकून धावत येईल ती. परीक्षा होऊ दे, मग सांगू.”

“परीक्षा होऊन महिना झाला! पास झाली म्हणून शाबासकी कोणी दिली? तुम्हीच. मिटल्या झाकणाआडून.”

“हळू बोल.”

“आला आपला नंबर. दुकानदार भाऊ, पडद्यावर बसवायचा कॅमेरा द्या. इथेच लावून दाखवा. अहो, टोपी काढा.”

“घे, काढली. इथे कोण ओळखतंय मला?”

“वा! परक्यांपुढे लाज नाही. तोंड लपवायचं ते पोटच्या पोरीपासून!”