फाडायचं राहिलेलं कार्ड

आक्का : बाकीची सगळी ठेव गं बाई तुझ्याकडं. मला एकच कार्ड पायजे.

नसरीन : आक्का, आधी बसा. दोन जिने चढून आलाय. पाणी घ्या.

आक्का : पाणी नको. कार्ड दे, मी चाललो. साडेबाराला शिरोळची गाडी हाय.

नसरीन : असं देता येत नाही हो. क्रांतीनं बाळासो गुरुजींची सगळी पत्रं ग्रंथालयाला दिली, सही करून दिली. आता एकेका पत्राला नंबर पडलाय.

आक्का : क्रांतीला काय कळतंय? नात असली म्हणून काय झालं? उचलली ट्रंक आन् दिली. मी घरात असतो तर तेवढं काढून घेतलं असतं.

नसरीन : कुठलं म्हणता?

आक्का : मौलालीभाऊ गेल्याचं.

नसरीन : दोनशे अकरा नंबर.

आक्का : बघ, तुलाबी पाठ हाय.

नसरीन : असणारच. मौलालींची एकशे चाळीस पत्रं आहेत तुमच्या त्या पत्रं टोचून ठेवायच्या तारेत. सीमेपलीकडच्या खेड्यात कपडे शिवायचे, गोष्टी लिहायच्या, मराठी शाळा टिकावी म्हणून अर्ज करायचे, आणि सगळं आधी गुरुजींना कळवायचे. "काल वर्गात बारा पोरं होती, आज अकरा." एवढंच एका कार्डावर.

आक्का : मला सांगतीस व्हय? ह्ये जेवताना वाचून दाखवायचं. आमटी गार व्हायची. मी वरडायचो, आधी जेवा म्हणून. पर ऐकायचोबी.

नसरीन : मग ते एकच कार्ड नेऊन काय करणार?

आक्का : फाडणार.

नसरीन : फाडणार?

आक्का : मग? मयताचं पत्र वाचायचं आन् फाडून टाकायचं. घरात ठेवत्यात व्हय कुणी? तुमच्यात न्हाय ही रीत?

नसरीन : आमची आजीपण फाडायची. ती गावाचीच रीत.

आक्का : तर! आन् ह्येनी तारंला लावलं. सोप्यात, येता-जाता दिसंल असं. मी म्हटलं, फाडा. म्हणालं, "ते फाडायचं न्हाय." जन्मात कधी आवाज चढवला न्हवता माझ्यावर, तवा चढवला. आन् आठव्या दिवशी आमचा विश्वजित गेला. उसाची ट्रॉली उलटली रस्त्याला. एकोणीस वर्सांचा हुता पोरगा.

नसरीन : आक्का...

आक्का : मी तोंडावर म्हटलं ह्यास्नी, तुमी घरात मरण टांगून ठेवलं. तीस वर्सं झाली. ताट वाढलं, औषध दिलं, पाय चेपलं. पर दोन शब्द मायेनं बोललो न्हाय. गेल्या चैतात गेलं. शेवटच्या दिवशी माझ्याकडं बघत हुतं, तवाबी न्हाय. आता निदान ते कार्ड तरी फाडू दे मला.

नसरीन : तुम्ही वाचलंय ते कधी?

आक्का : हात न्हाय लावला. त्या दिवशी ह्येनीबी मोठ्यानं वाचलं न्हाय. नुस्तं म्हणालं, "मौलाली गेला."

नसरीन : मी वाचून दाखवू?

आक्का : मयताच्या पत्रात काय असतंय वाचण्यासारखं?

नसरीन : हे मोठ्या माणसाचं नाही, आक्का. त्यांच्या मुलीनं लिहिलंय. फातिमानं. चौथीत होती.

(नसरीन कपाटातलं पाकीट उघडते. पिवळ्या पडलेल्या कार्डाच्या मधोमध तारेचं भोक आहे.)

नसरीन : "ती. बाळासो काकांस फातिमाचा सलाम. शुक्रवारी सकाळी आमचे अब्बा वारले. मामा म्हणाले, वर लिही, वाचून फाडावे. मी लिहिले नाही. अब्बा म्हणायचे, काका मराठी पत्र कधी फाडत नाहीत, तारेला लावतात. तू लिहिलेस की तुझेही लावतील. हे माझे पहिले पत्र आहे. पोचले की कळवा."

आक्का : ...शेवटचं परत वाच.

नसरीन : "पोचले की कळवा."

आक्का : कळवलं ह्येनी?

नसरीन : गुरुजी उत्तर दिलं की कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं तारीख टाकायचे. सगळ्या पत्रांवर आहे. ह्याच्यावर नाही.

आक्का : कशी असंल? विश्वजितचं दिवस झालं तवा लिवायला बसलं हुतं. मीच हातातनं कार्ड ओढून घेतलं. म्हटलं, ह्या घरातनं त्या घरी आता एक अक्षर जायचं न्हाय. आन् फाडलं. फाडलं ते मी, नसरीन.

नसरीन : राहू दे, आक्का. पोटचा पोर गेला होता तुमचा.

आक्का : तिचाबी बाप गेलता की. मला सांगितलं का न्हाय ह्येनी, पोरीचं पत्र हाय म्हणून?

नसरीन : सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?

आक्का : ...न्हाय. तवा न्हाय.

नसरीन : फातिमाबाईंशी बोलले मी गेल्या महिन्यात. पत्रं लोकांना वाचायला ठेवायची तर घरच्यांची परवानगी लागते. अब्बा गेले त्याच वर्षी मराठी शाळा बंद पडली. पुढचं सगळं शिक्षण कानडीत. मराठी लिहायचं सुटलंच म्हणाल्या, वाचता येतं हळूहळू.

आक्का : आन् काय म्हणाली?

नसरीन : एकच विचारलं. माझं कार्ड पोचलं होतं का? मी म्हटलं, आमच्याकडं आहे म्हणजे पोचलंच की. तर म्हणाल्या, तसं नाही, त्यांच्या घरातल्या कुणीतरी सांगायला पाहिजे.

आक्का : घरातली म्हंजी आता मीच.

नसरीन : लावू का फोन? आत्ता बोलता?

आक्का : फोन नको. तिनं कार्ड धाडलंय. कोरं कार्ड हाय तुझ्याकडं?

नसरीन : आहे. पण तुमची गाडी?

आक्का : जाऊ दे गाडी. लिही. मोठ्या अक्षरात लिही, तिला वाचता आलं पायजे.

नसरीन : सांगा.

आक्का : चिरंजीव फातिमास, काकीचा आशीर्वाद.

नसरीन : लिहिलं. पुढं?

आक्का : पत्र पोचलं. काकांनी फाडलं न्हाय.