त्रास असेल तरच

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नवापूरच्या दवाखान्याच्या ओट्यावर माझ्या शेजारी आमच्या गावची सुसाना बसली होती. तिचा नवरा अब्राहाम आत तपासून घेऊन बाहेर आला.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिने विचारलं.

"अंगातलं पुरुषाचं सत्त्व कमी झालंय. पण त्रास होत असेल तरच सुई द्यायची, नाहीतर नाही."

"मग तू काय सांगितलंस?"

"त्रास नाही म्हणालो. कुऱ्हाड चालते, भूक लागते."

"आणि माझ्याजवळ येत नाहीस, ते?"

"यावंसंच वाटत नाही, सुसाना. वर्ष झालं."

"मला वाटलं, मीच तुला नकोशी झाले."

"तसं नाही गं. सांगायची लाज वाटली."

"मी तोंड फिरवून रडायचे."

"ऐकू यायचं मला."

"मग हा त्रास नाही?"

त्याने तिच्यापुढे हात केला.

"चल, परत आत जाऊ. तूही ये."