डॅशबोर्डवरचे तडे

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत एक शिक्षिका गॅरेजच्या बाकावर बसून होती. समोरच एक बाई मेकॅनिकला जुन्या गाडीचा तडकलेला डॅशबोर्ड दाखवत होत्या.

"नवा मिळाला तरी परवडायचा नाही तुम्हाला. वरून कव्हर चिकटवू?"

"नको. बाबांच्या हाताला लगेच कळेल."

"मग तडे भरून घासतो. रंग मात्र हुबेहूब जुळणार नाही."

"रंगाचं राहू द्या. त्यांना आता दिसत नाही. वर्षभर दादाकडे होते, रविवारी परत येतायत. आल्या आल्या गाडीत बसतील आणि डॅशबोर्डवरून हात फिरवतील."

"हे उन्हाने झालंय, बाई."

"हो. गाडी सावलीत ठेव, एवढंच सांगून गेले होते. माझ्याकडून तेवढंही झालं नाही."

"मी कितीही घासलं तरी त्या हाताला कळणारच. त्यांनाच इथे आणा. कुठे खरखरीत राहिलंय ते त्यांचा हात सांगेल."

"रागावतील हो."

"रागावू द्या."

शिक्षिकेची स्कूटर तयार झाली होती, तरी तिचा पाय निघेना. बाईंनी पदराने डॅशबोर्डवरची धूळ पुसली.

"सोमवारी आणते बाबांना," त्या म्हणाल्या. "पण गाडीत बसायच्या आधी मीच सांगेन त्यांना."