उसन्या जहाजावरचा फोटो

मोहाडीच्या बसस्टँडवर माझ्या बाजूच्या बाकावर एक बाई धाकट्या भावाला बसवून द्यायला आली होती.

"परसराम, माह्या अनुपचा जहाजावरचा फोटो तू फेसबुकवर काहून टाकला?"

"बाई, भाचा नौदलात आहे माहा. परदेशी खलाशांले लढाईचं जहाज चालवणं शिकवून राहिला. गावाले सांगू नाही का?"

"ते जहाज आपल्या सरकारनं त्या खलाशांच्या देशाले गुपचूप उसनं देलं. त्या देशाचं त्याच्या शेजारच्या देशासंग वैर आहे, अन् आपल्याले दोघांसंगही दोस्ती ठेवाची आहे. अनुपनं फोटो तुले एकट्याले पाठवला होता!"

"खेड्यातल्या माणसानं टाकलेला फोटो तिकडं कोण पाह्यते?"

"त्या शेजारच्या देशातल्या पेपरात छापून आला! आता तो देश आपल्या सरकारले जाब विचारून राहिला, अन् सरकार माह्या पोराले. जहाजावरून उतरवलं त्याले. चौकशी लागली."

"मी बोलतो ना त्याच्या साहेबासंग."

"आता तोंडच उघडू नको!"

"मंग घरी काहून नाही बोलली, बाई? सकाळी तं मले पोटभर जेवू घातलं."

"अनुपनं शपथ घातली होती. 'मामानं कौतुकानं टाकला, त्याले घरात सगळ्यांसमोर बोलू नको,' म्हणे. म्हणून गप्प राह्यली. बस लागली तुही, जा. तो सुट्टीवर येतवरी माह्या दारात येऊ नको."