बसायपुरती जागा

...अन् वरून म्हणत्यात, निस्ती सही तर करायचीय! करून बघा की तुम्ही. तुम्हाला सांगतो, दुकान माझं जळकोटला, शेत नायगावला, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून पोरगं म्हणलं, अप्पा, मुखत्यारपत्र करून द्या, तुमच्या नावानं शेताची सगळी कामं मी बघतो. सोमेश गुणाचा हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पण दस्त लिहिणारा लिंबाजी वाचायला लागला, शेत कसणे, गहाण ठेवणे, विकणे... विकणे? अवं, त्या शेताच्या कोपऱ्यात माझ्या बापाची समाधी हाय! आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, आपल्याच रानात मांडी घालून बसवून पुरत्यात. बापाशेजारी माझी जागा ठरलेली. उद्या ह्यानं रान विकलं तर मेल्यावर मी बसू कुठं, यष्टी स्टँडवर?

लिंबाजी म्हणला, मालक, भेता कशाला, निस्ती सही तर करायचीय. म्हणलं, आधी लिही, समाधीजवळची जागा सोडून. तर म्हणतो कसा, "किती सोडायची? माप सांगा." आता माप मला काय ठाऊक? मी काय आधी मरून बघितलंय? साक्षीला आणलेला मलप्पा म्हणला, बसून दाखवा की. अन् तुम्हाला सांगतो, रजिस्ट्री हापिसाच्या व्हरांड्यात, भर दुपारी, चारचौघांत मी मांडी घातली... गुडघे कडाकडा वाजले... अन् पोटचं पोरगं टेप घेऊन माझ्याभोवती फिरायला लागलं! अंगाला दरदरून घाम. डोळे मिटायचंबी भ्याव वाटलं, न जाणो, ही लोकं लगेच कामाला लागायची. सोमेशनं टेप खाली ठेवला. म्हणला, "अप्पा, असलं काम नका लावू मला. न्हाई विकत मी." मलाबी भरून आलं. तरी माप लिहून घेतलं. रडणं वेगळं, कागद वेगळा.

सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. घरी येऊन बायकोला, शरणम्माला, सगळा कागद वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं अन् विचारलं, "अन् मी कुठं बसू?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, अन् तिचं माप घ्यायचं ध्यानातच आलं न्हाई! म्हणलं, आता परत रजिस्ट्री? तर म्हणती, त्यात काय, निस्ती सही तर करायचीय. उद्या दोघं चाललो. अन् तिला समाधीजवळच्या आंब्याच्या सावलीची बाजू पाहिजे, म्हंजे माझी.

म्हणलं, घे. उन्हात बसायची मला सवय हाय.