खोक्याच्या पाठीवरचा स्वयंपाक

...आणि वर म्हणे ‘एकदम सोपं’! तुम्हाला सांगतो, दुकानातली ती काउंटरवरची बाई, वय जेमतेम पंचवीस, मला म्हणते, “काका, काही करावं लागत नाही हो! कोळंबी, मासा, भात, सॉस, सगळं आत आहे, पाठीमागे लिहिलंय तसं करायचं नि जेवायचं!” आता लिहिलंय तसं करणं म्हणजे माझ्या हातचा मळ, कारण एकतीस वर्षं मी काय केलं? छापखान्यात खोक्यांचा मजकूर तपासला! साबणाचे खोके, औषधांचे खोके, माशांचेसुद्धा! तेव्हा घेतला तो गोठलेला खोका, आलो घरी. माझी तक्रार नाही हं, नुसतं सांगतोय.

आता हा उपद्व्याप कशासाठी, तर मुलीसाठी. आमची ही गेली त्याला आठ महिने झाले, हार्ट अटॅक, दुपारी चहा पिता पिता. तेव्हापासून मुलीचं एकच, “बाबा, आमच्याकडे चला, तुम्ही तिथे बिस्किटांवर दिवस काढताय!” काढतोय, खोटं कशाला बोलू? पण बिस्किटं खायची ती माझ्या घरात, माझ्या खुर्चीत! शेवटी परवा तिनं निर्वाणीचं सांगितलं, “शनिवारी साडेसातला फोन करते. गरम जेवण स्वतः करून जेवत असाल तर पुन्हा विषय काढणार नाही. नसाल तर रविवारी न्यायला येते.” म्हणजे बघा, राहतं घर टांगलं ते कोळंबीवर! पण माझी तक्रार नाही.

तर सात वाजता चष्मा लावून खोका पालथा केला आणि वाचायला लागलो... खालून! आता खालून का? अहो, तशीच शिस्त आमची! मजकूर शेवटाकडून वर वाचत जायचा, म्हणजे अर्थ मध्ये लुडबुडत नाही. अर्थ कळायला लागला की माणूस वाहवत जातो आणि चूक सुटते. आमचे मालक ओरडायचे ना, “अहो, अर्थ काय बघताय! अक्षरं बघा, अक्षरं!” हिच्या मृत्यूचा दाखला आला तोही मी तसाच वाचला. आधी शिक्का, मग पत्ता, मग वय, नाव सगळ्यात शेवटी. म्हटलं, बरोबर आहे, एकही चूक नाही, आणि केली सही. मुलगी बघतच राहिली. म्हणाली, “बाबा, रडा हो एकदा!” रडायला काय, रडलो असतो... पण येतच नाही, तर काय करू? आत काही हलतच नाही.

असो! खालून पहिली ओळ, ‘दोन मिनिटं तसंच राहू द्या.’ राहू दिलं. खोक्यातली पिशवी ओट्यावर, मी खुर्चीत, दोघंही गप्प. वरची ओळ, ‘ताटलीत काढा.’ कापली पिशवी, काढलं. ठक्क! वीटच ती, भिंतीत बसवली असती तर शोभली असती. त्याच्या वर, ‘नीट ढवळा.’ आता विटेला ढवळायचं कसं? चमचा वाकला हो! त्याच्या वर, ‘सहा मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये गरम करा.’ केलं. कडेनं सॉस बुडबुडायला लागला, वाफ आली, म्हटलं जिंकलो! आणि सगळ्यात वर काय? ‘पिशवीला चार भोकं पाडा.’ पिशवी तर कचऱ्यात! तरी काढली, पुसली आणि सुरीनं पाडली चार भोकं. अहो, लिहिलंय ना? मग? हसू नका! एकतीस वर्षांची सवय आहे, एक अक्षर सोडलं नाही कधी! तक्रार नाही माझी, नुसतं सांगतोय.

साडेसातला फोन. “बाबा, बसलात जेवायला?”

“बसलो की! गरम गरम!” ताटली समोर, वाफ खरीच. मधोमध चमचा घातला आणि ऐटीत पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम चावून चावून!

“काय केलंत?”

“कोळंबी. झकास झालीये.”

“बाबा... हा कडकड आवाज कसला?”

“कोळंबीचा. कुरकुरीत आहे.”

“सॉसमधली कोळंबी कुरकुरीत?” मग अगदी हळू, “बाबा, तुम्ही बर्फ चावताय का?”

आणि खरं सांगतो, तेव्हा मला कळलं! तिनं सांगितल्यावर! कडेला उकळत होतं, पण मधला सगळा बर्फच, दोन घास चावले, तिसरा तोंडात, आणि मला गार लागलं नव्हतं हो... काहीच लागलं नव्हतं. घाबरलो मी. आठ महिन्यांत पहिल्यांदा घाबरलो.

तिकडे ती रडत होती. रडता रडता म्हणाली, “उद्या सकाळी येते न्यायला. येऊ ना?”

‘नको’ म्हणायचं होतं. शप्पथ! शब्द तयार होता. पण ‘नको’ म्हणायचं तर जीभ हलायला हवी ना, आणि ती तर पार बधिर, गालात कोळंबी अडकलेली! ‘हं’ मात्र तोंड मिटूनही म्हणता येतं.